डायब्यूटाइल थॅलेट (डीबीपी): गुणधर्म, उपयोग आणि सुरक्षिततेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅकर, गोंद किंवा शाई बनवणाऱ्यांना डीबीपी हे नाव रोजचेच. बाकीच्यांना ते अचानक भेटते: नेलपॉलिशच्या बाटलीवर ‘डीबीपी-मुक्त’ असे वाचताना किंवा खेळण्याच्या तपासणी अहवालात. दोघांचे प्रश्न वेगळे असले तरी उत्तरे शेवटी एकाच गोष्टीपाशी येतात. हे द्रव्य प्लास्टिकमध्ये मिसळते, पण त्याच्याशी रासायनिक बंधाने बांधले जात नाही. त्याचे गुण यातूनच येतात आणि त्रासही यातूनच.

डीबीपी म्हणजे नेमके काय?

थॅलिक आम्ल आणि ब्यूटेनॉल यांचा एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेले संयुग. रेणूच्या मधोमध बेंझीनचे कडे असते, त्याच्या लगतच्या दोन कार्बनांवर दोन एस्टर गट असतात आणि प्रत्येक गटाला चार कार्बनांची सरळ ब्यूटाइल साखळी जोडलेली असते. एका रेणूत कार्बनचे १६, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ४ अणू. रेणुभार २७८.३५, सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक) ८४-७४-२. काही कागदपत्रांत ‘डाय-एन-ब्यूटाइल थॅलेट’ किंवा ‘डीएनबीपी’ असे लिहिलेले असते, तेही हेच. ‘डायआयसोब्यूटाइल थॅलेट’ मात्र वेगळे रसायन आहे. त्याबद्दल पुढे सांगितले आहे, कारण तिथे गफलत फार होते.

ते दिसायला आणि हाताळायला कसे असते?

रंगहीन, तेलकट, अगदी मंद वासाचा द्रव. २० अंश सेल्सिअसला घनता सुमारे १.०५, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित जड. एक लिटर द्रवाचे वजन साधारण १.०५ किलो भरते, त्यामुळे लिटरने मोजून किलोने नोंद केली तर प्रत्येक घाण्यात पाच टक्क्यांची चूक शिरते. अपवर्तनांक १.४९ च्या आसपास. दाटपणा पाण्याच्या सुमारे वीसपट, म्हणजे पंपाने सहज ओढता येतो. उत्कलनबिंदू सुमारे ३४० अंश, गोठणबिंदू उणे ३५ अंश, फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते किमान तापमान, सुमारे १५७ अंश.

पाण्यात ते जवळपास विरघळतच नाही, लिटरला साधारण १० मिलिग्रॅम एवढेच. अल्कोहोल, ईथर, ॲसिटोन, टोल्युइन यांच्यात मात्र सहज मिसळते. पाण्याला नाकारणारे आणि तेलकट पदार्थांना आपलेसे करणारे हे रूप लक्षात ठेवा. त्वचेतून शिरणे, जुन्या वायरचे आवरण चिकट होणे, गाळात साठणे, या सगळ्यांचे मूळ तिथे आहे.

ते तयार कसे होते?

थॅलिक अ‍ॅनहायड्राइड आणि ब्यूटेनॉल यांच्यापासून. अ‍ॅनहायड्राइडचा एक रेणू आणि ब्यूटेनॉलचे दोन, दोन्हींचे वजन जवळजवळ सारखे येते. १४८ किलो अ‍ॅनहायड्राइड आणि १४८ किलो ब्यूटेनॉल यांपासून हिशेबाने २७८ किलो डीबीपी आणि १८ किलो पाणी मिळते. प्रत्यक्षात ब्यूटेनॉल थोडे जास्त घेतात.

पहिली पायरी सोपी: अ‍ॅनहायड्राइडचे कडे उघडते आणि अर्धा एस्टर झटपट बनतो, त्याला उत्प्रेरक फारसा लागत नाही. खरी कसोटी दुसऱ्या पायरीला. ती उलट दिशेनेही चालणारी आहे, त्यामुळे तयार होणारे पाणी सतत बाहेर काढले नाही तर क्रिया अडते. पाणी आणि ब्यूटेनॉल यांची वाफ एकत्र निघते. ती थंड केली की दोन थर पडतात. खालचे पाणी काढून टाकायचे, वरचे ब्यूटेनॉल परत भांड्यात सोडायचे. उत्प्रेरक म्हणून सल्फ्युरिक आम्ल चालते, टायटॅनियमची संयुगेही वापरतात. आम्लाने रंग पिवळट होण्याचा धोका असतो. शेवटी सोड्याने उदासीन करणे, धुणे, निर्वातात उरलेले ब्यूटेनॉल काढणे आणि गाळणे. मालाला ब्यूटेनॉलचा उग्र वास येत असेल तर ही शेवटची पायरी घाईत उरकलेली आहे असे समजा.

प्लास्टिसायझर म्हणून ते काय काम करते?

पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात, म्हणून पदार्थ कडक राहतो. डीबीपीचा लहान रेणू त्यांच्यामध्ये शिरतो. त्याचे एस्टर गट आणि बेंझीनचे कडे पॉलिमरमधल्या ध्रुवीय भागांशी जवळीक करतात, ब्यूटाइल शेपट्या जागा मोकळी करतात. साखळ्यांना हलायला वाव मिळतो आणि पदार्थ काचेसारखा ठिसूळ राहायचे तापमान, म्हणजे काचसंक्रमण तापमान, खाली येते. बिजागरीत तेल घातल्यावर ती न बदलता सहज फिरू लागते, तसे.

रेणू लहान असल्यामुळे डीबीपीचा परिणाम वजनाच्या मानाने जोरदार असतो. त्याच लहानपणामुळे ते निसटतेही लवकर.

मग ते द्रावक आहे की प्लास्टिसायझर?

दोन्ही, आणि फरक मुख्यतः वेळेचा आहे. थिनरमधले ॲसिटोन काम करून उडून जाते. डीबीपीही लॅकरचा मुख्य पॉलिमर असलेल्या नायट्रोसेल्युलोजला विरघळवते, पण उडायला त्याला फार वेळ लागतो, म्हणून ते थरातच राहते आणि थर लवचीक ठेवते. तोच द्रव काही ठिकाणी निव्वळ वाहक म्हणून वापरतात: रंगद्रव्याची पेस्ट घोटायला किंवा पेरॉक्साइड सौम्य करायला.

लॅकरमध्ये त्याला एवढे महत्त्व का मिळाले?

नुसत्या नायट्रोसेल्युलोजचा थर चकचकीत असतो, पण ठिसूळ. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते-आकसते, धातू तापतो-निवतो, आणि असा थर तडकतो किंवा पापुद्रा धरून निघतो. एकोणिसाव्या शतकात यावर उपाय होता कापूर. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचेच मिश्रण. पण कापूर उडतो आणि वास मारतो. विसाव्या शतकात थॅलेट एस्टर आले आणि त्यांनी ही जागा घेतली.

एरंडेलही लॅकरमध्ये घालतात, पण ते नायट्रोसेल्युलोजला विरघळवत नाही, फक्त साखळ्यांमध्ये बसून राहते. प्रमाण वाढले की पृष्ठभागावर तेलकट घाम फुटतो. डीबीपी पॉलिमरशी खरोखर एकजीव होते, म्हणून चमक टिकते आणि थर पारदर्शक राहतो. जुन्या फॉर्म्युल्यांत दोन्ही मिळून वापरलेली दिसतात: डीबीपी एकजीव होण्यासाठी, एरंडेल न उडण्यासाठी. निव्वळ कारागिरी म्हणून ही जोडी मला आजही हुशारीची वाटते. नेलपॉलिश हेही मुळात नायट्रोसेल्युलोज लॅकरच, म्हणून डीबीपी तिथे पोचले.

पांढऱ्या गोंदात ते कशासाठी घालतात?

हा प्रश्न वरवर साधा आहे, पण गोंद करणाऱ्यांचे बरेचसे दुखणे यातच असते. लाकडाचा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले इमल्शन. पाणी निघून गेले की कण एकमेकांना चिकटून सलग थर व्हायला हवा. त्यासाठी कण पुरेसे मऊ हवेत, आणि पॉलिव्हिनाइल ॲसिटेट साध्या तापमानाला जरा कडकच असते. थंडीत लावलेला गोंद वाळून पांढरा, खडूसारखा भुरभुरीत होतो तो यामुळे. पाणी गेले, पण कण जुळलेच नाहीत.

डीबीपी कणांच्या आत शिरून त्यांना मऊ करते. थर जुळायला लागणारे किमान तापमान उतरते, वाळलेला थर पारदर्शक आणि चिवट होतो, ओला असताना पकडही लवकर येते. प्रमाण कोरड्या पॉलिमरच्या वजनावर ठरवायचे, गोंदाच्या एकूण वजनावर नाही. साधारण ५ ते १५ टक्क्यांत काम भागते. त्यापुढे गेलात तर सांधा सतत ताणाखाली असताना हळूहळू सरकतो. खुर्चीच्या पायाला हे चालत नाही, कागदाच्या पाकिटाला चालून जाते.

घालताना घाई नको. ढवळत बारीक धारेने सोडा आणि नंतर मिश्रण काही तास मुरू द्या. कणांत शिरायला त्याला वेळ लागतो. लगेच घेतलेले व्हिस्कॉसिटीचे माप दुसऱ्या दिवशी बदललेले दिसते, ते या मुरण्यामुळे.

पीव्हीसीसाठी डीबीपी का वापरत नाहीत?

वापरून पाहिले गेले आहे. पीव्हीसीमध्ये ते लवकर मिसळते, पण टिकत नाही. वायरचे आवरण, फरशी, रेक्झिन हे सगळे वर्षानुवर्षे मऊ राहायला हवे आणि डीबीपी त्या मानाने फार लवकर उडते. म्हणून तिथे डीईएचपीसारखे जड थॅलेट आले. त्याचा रेणुभार ३९०.५६ आहे आणि बाष्पदाब कितीतरी कमी. पीव्हीसीत डीबीपी फक्त जोडीला, मिश्रण कमी तापमानाला एकजीव व्हावे म्हणून घालत असत.

याशिवाय कुठे कुठे सापडते?

काही जागा अनपेक्षित आहेत.

टायरसाठी लागणाऱ्या कार्बन ब्लॅकची ‘संरचना’, म्हणजे त्याच्या कणांचे झुपके किती विस्कटलेले आहेत हे मोजण्यासाठी, त्यात तेल थेंब-थेंब सोडतात. सुटी भुकटी एका क्षणी गोळ्यासारखी घट्ट होते, ढवळणाऱ्या पात्यावरचा जोर एकदम वाढतो, आणि तोवर गेलेल्या तेलाचे माप हे उत्तर. हे तेल वर्षानुवर्षे डीबीपीच होते, म्हणून जुन्या लोकांच्या तोंडी आजही ‘डीबीपी नंबर’ आहे. एन-३३० प्रतीसाठी तो १०० ग्रॅमला सुमारे १०२ मिलिलिटर असतो. आता पद्धतीचे नाव ‘तेलशोषण अंक’ झाले आहे आणि डीबीपीऐवजी पॅराफिन तेल वापरले जाते.

पॉलिप्रोपिलीन बनवण्याच्या टायटॅनियम-मॅग्नेशियम क्लोराइड उत्प्रेरकात थॅलेट एस्टर अल्प प्रमाणात घालतात. त्यामुळे साखळीतले मिथाइल गट एका बाजूला, शिस्तीत लागतात. थॅलेट-विरहित उत्प्रेरकही आता उपलब्ध आहेत.

वाकवल्यावर उजळणाऱ्या चमकत्या कांड्यांमध्ये द्रावक म्हणून बऱ्याचदा डीबीपी असते. कांडी फुटून द्रव टेबलावर सांडला तर पॉलिश खराब होते, ते त्याच्यामुळे. पॉलिएस्टर पुट्टीच्या हार्डनरमध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड थॅलेटमध्ये कालवून दिलेले असते, कारण कोरडे पेरॉक्साइड धोकादायक असते. सूक्ष्मदर्शकाच्या काचा कायमच्या बंद करायच्या डीपीएक्स माध्यमात पॉलिस्टायरीन आणि झायलीनसोबत ते असते. ते नसेल तर थर आकसून आच्छादक काचेच्या कडेने आत ओढला जातो. बंदुकीच्या धूररहित दारूच्या दाण्यांवरही त्याचा लेप देतात, म्हणजे ज्वलन सुरुवातीला संथ होते. दुसऱ्या महायुद्धात माइटपासून होणारा स्क्रब टायफस टाळण्यासाठी सैनिकांचे कपडे त्यात भिजवत असत.

औषधांत, आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या गोळ्यांच्या आवरणात, ते होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये औषधांत डीबीपी आणि डीईएचपी टाळण्याची मार्गदर्शक सूचना काढली.

विकत घेतलेला माल शुद्ध आहे हे कसे ओळखायचे?

रंग, घनता, अपवर्तनांक, आम्लता आणि पाण्याचे प्रमाण या चाचण्या सगळेच करतात. मी आणखी एका चाचणीचा आग्रह धरीन: साबणीकरण अंक. शुद्ध डीबीपीचा हा अंक, ग्रॅमला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिलिग्रॅममध्ये, सुमारे ४०३ येतो. डीईएचपीचा सुमारे २८७. खनिज तेलाचा शून्याजवळ. मालात स्वस्त तेल मिसळले असेल तर अंक लगेच खाली येतो. कोणाला कितीही गोड बोलता आले तरी हा आकडा बदलत नाही.

एकच भेसळ यातून सुटते. डायआयसोब्यूटाइल थॅलेटचा रेणुभार तोच, त्यामुळे साबणीकरण अंकही तोच. घनता थोडी कमी, सुमारे १.०४, पण मिश्रणात हा फरक सहज लपतो. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीच करावी लागते. निर्यातीच्या मालासाठी हा खर्च टाळू नका.

आरोग्याला धोका किती?

दोन धोके वेगळे ठेवले पाहिजेत. एकदा अंगावर सांडले म्हणून लगेच विषबाधा होईल असा हा पदार्थ नाही. त्याची तीव्र विषारकता कमी आहे. काळजी आहे ती प्रजननाची आणि गर्भाची. शरीरात त्याचे मोनोब्यूटाइल थॅलेट होते. गाभण उंदरिणींना डीबीपी दिल्यावर नर गर्भातील टेस्टोस्टेरॉन घटते. पिल्लांत वृषण खाली न उतरणे, मूत्रमार्गाचे तोंड चुकीच्या जागी असणे असे दोष दिसले आहेत. असे परिणाम प्राण्यांत पुन्हा पुन्हा, स्पष्टपणे आढळले आहेत. माणसांवरचे अभ्यास बहुतांशी निरीक्षणात्मक असतात आणि त्यांतून कार्यकारण सिद्ध करणे अवघड असते. तरी युरोपीय संघात त्याचे वर्गीकरण प्रजननविषारी, श्रेणी १बी असे आहे आणि ते मला योग्य वाटते.

शरीरातून ते लवकर बाहेर पडते, बरेचसे एका दिवसात लघवीवाटे. पण रोज थोडे-थोडे आत येत राहिले तर लवकर बाहेर पडण्याचा उपयोग काय? युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये डीबीपीसह चार थॅलेटांसाठी मिळून एकच दैनंदिन मर्यादा ठरवली: शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५० मायक्रोग्रॅम, डीईएचपीच्या तुल्य मापात. एकेक रसायन सुटे न मोजता एकत्र मोजण्याचा हा विचार महत्त्वाचा आहे, कारण माणसाच्या शरीरात ती एकत्रच येतात.

कायद्याने कुठे बंदी आहे?

मुलांच्या खेळण्यांत आणि बालसंगोपनाच्या वस्तूंत युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाने, तर अमेरिकेने २००८ च्या कायद्याने ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. सौंदर्यप्रसाधनांत युरोपीय संघात वापर बंद आहे. रीच या रसायनांविषयीच्या युरोपीय नियमावलीनुसार तिथे २१ फेब्रुवारी २०१५ नंतर खास परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांत २२ जुलै २०१९ पासून प्रत्येक एकजिनसी पदार्थामागे ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. ‘एकजिनसी पदार्थामागे’ हे शब्द नीट वाचा. संपूर्ण उपकरणाच्या वजनावर हिशेब चालत नाही, वायरच्या आवरणाचा वेगळा आणि लेबलाच्या गोंदाचा वेगळा करावा लागतो.

कामावर हाताळताना काय काळजी घ्यावी?

थंड द्रवाची वाफ फारशी होत नाही. गरम केले, फवारले किंवा तापलेल्या रोलरवर गेले की धुके होते, आणि ते श्वासातून आत जाते. अमेरिकेत आठ तासांच्या सरासरीसाठी मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे. धूर निघतो तिथेच खेचणारी एक्झॉस्ट व्यवस्था हवी. खोलीच्या दुसऱ्या टोकाचा पंखा पुरत नाही.

हातमोजे नायट्राइलचे किंवा ब्यूटाइल रबरचे. पीव्हीसीचे मोजे घालू नका, डीबीपी त्यांच्यातच शिरते. गर्भवती किंवा गर्भधारणेचा विचार असलेल्या कामगार स्त्रीला या कामापासून दूर ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी तिची मजुरी कापली जाऊ नये. धोका पुरुषांनाही आहे, त्यामुळे मोजे आणि एक्झॉस्ट सगळ्यांसाठी.

सांडले तर वाळू किंवा भुसा टाकून शोषून घ्या आणि जागा साबणाने धुवा. जमीन अतिशय निसरडी होते.

कोणत्या भांड्यात साठवावे?

पोलादी किंवा स्टेनलेस स्टीलची पिंपे, प्रयोगशाळेत काच. पॉलिस्टायरीन, एबीएस आणि मऊ पीव्हीसी यांच्याशी संपर्क टाळा. ती मऊ होतात, तडकतात किंवा चिकट होतात. तीव्र आम्ल, अल्कली आणि नायट्रेटसारखे ऑक्सिडीकारक जवळ नकोत.

आमच्या प्रयोगशाळेत नमुना कोणताही असो, थॅलेट दिसतेच. असे का?

कारण ते तुमच्या नळ्यांत, टोप्यांत, मोज्यांत आणि द्रावकाच्या बाटलीत आहे. मास स्पेक्ट्रममध्ये १४९ वर ठळक शिखर दिसले तर आधी थॅलेटचा संशय घ्या. दरवेळी कोरा नमुना (तपासायचा पदार्थ न घालता, बाकी सगळे तसेच) चालवा, काच तापवून घ्या आणि प्लास्टिकच्या पिपेटऐवजी काचेची वापरा. कोरा नमुना न चालवता दिलेला ‘अल्प प्रमाणात डीबीपी आढळले’ हा निष्कर्ष विश्वासार्ह नसतो.

पाण्याच्या पीईटी बाटलीत हेच थॅलेट असते का?

नाही. पीईटी म्हणजे पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट. त्यातले दोन गट कड्याच्या समोरासमोरच्या टोकांवर असतात आणि साखळीचाच भाग असतात. ते प्लास्टिसायझर नव्हे.

पर्याय कोणते?

एकच एक पर्याय नाही, उपयोगाप्रमाणे ठरवावा लागतो. नेलपॉलिशमध्ये ॲसिटाइल ट्रायब्यूटाइल सायट्रेट रुळले आहे. पांढऱ्या गोंदात डायप्रोपिलीन ग्लायकॉल डायबेंझोएट चांगले बसते. गोळ्यांच्या आवरणात ट्रायइथाइल सायट्रेट किंवा डायब्यूटाइल सेबॅकेट. मऊ पीव्हीसीत डीआयएनसीएच हे थॅलेट नसलेले प्लास्टिसायझर आणि जड थॅलेटे.

किलोला किलो अदलाबदल मात्र करू नका. जड रेणूचा मऊपणाचा परिणाम कमी असतो, त्यामुळे प्रमाण थोडे वाढते, व्हिस्कॉसिटी बदलते, वाळायचा वेळ बदलतो. नव्या फॉर्म्युल्याचा थर उबेत काही आठवडे ठेवून वजन किती घटले आणि लवचीकपणा किती उरला हे तपासल्याशिवाय बाजारात नेऊ नका. आणि डीबीपी बंद करून डायआयसोब्यूटाइल थॅलेट आणणे हा पर्यायच नव्हे. विषारी परिणाम तसाच, आणि वरच्या रीच आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या यादीत तेही आहे.

पर्यावरणात त्याचे काय होते? उरलेला माल कसा टाकावा?

हवा असलेल्या माती-पाण्यात जिवाणू त्याचे विघटन बऱ्यापैकी लवकर करतात. प्राणवायू नसलेल्या गाळात ते संथ होते. जलचरांसाठी ते अतिशय विषारी आहे, म्हणून पिंप धुतलेले पाणीसुद्धा गटारात सोडू नये. उरलेला द्रव, भिजलेला भुसा आणि न धुतलेली पिंपे बंद आणि लेबल लावून वेगळी ठेवा आणि घातक कचरा उच्च तापमानाला जाळण्याची परवानगी असलेल्या केंद्राकडे पाठवा. रिकामी पिंपे पाणी साठवायला कोणाला देऊ नका. भंगारात देण्याआधी ती भोक पाडून निकामी करावीत.